माळावरची पांढरी फुली

मंगळवार पेठेतल्या भाजीवाल्या बायका त्यांना ‘सांगा-बघू मास्तर’ म्हणायच्या. मास्तर नुसती भाजी कधी घेत नसत. “अर्धा शेर वांगी, लहान, काटेरी, किडकं एकही नको,” असं सांगून झालं की ते बाईच्या तोंडाकडे बघत उभे राहत. बाईनं तागडीला हात घातला की म्हणत, “थांबा की जरा. सांगा बघू, काय म्हणालो मी?” मग बाईनं ते सगळं परत म्हणून दाखवायचं. त्यातलं ‘काटेरी’ राहिलं तर मास्तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली, बायका पदरात तोंड घालून हसतायत, आणि काळा लांब कोट घातलेले, डोक्याला रुमाल बांधलेले, साठीकडे झुकलेले हे गृहस्थ शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे गंभीर.

न्हावी, टांगेवाला, दूध घालणारा गवळी, कुणीच यातून सुटत नसे. एकदा मास्तर तापानं पडले होते. डॉक्टरांनी औषध कसं घ्यायचं ते सांगितलं. मास्तरांनी ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं आणि वर म्हणाले, “बरोबर आहे, असं तुम्ही म्हणा आता.” डॉक्टर घाईत होते. मान हलवून ते निघाले, तर हे अंगावर घोंगडं ओढून दारापर्यंत त्यांच्या मागोमाग.

“मान नको डॉक्टर. तोंडानं म्हणा.”

“बरोबर आहे, बरोबर आहे, बरोबर आहे! झालं?”

“एकदा म्हटलं तरी पुरे होतं की,” मास्तर म्हणाले आणि जाऊन झोपले.

गावात त्यांच्या नकला होत. मला त्या फार वेळ बघवत नसत. कारण मी मास्तरांना आधीपासून ओळखत होतो, आणि आधीचे मास्तर बोलतच नसत.

त्या काळी मुंबईहून मद्रासकडे टपाल नेणारी विमानं नुकती सुरू झाली होती. ज्या कंपनीची ती विमानं होती, तिनं सोलापूरच्या बाहेर, होटगीच्या बाजूला एक माळ घेतला होता. अर्धा माळ काळ्या मातीचा, सपाट आणि ऐसपैस. उरलेल्या बाजूला मुरमाची एक अरुंद पट्टी. एका टोकाला पत्र्याची खोली, बाहेर खांबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आणि खोलीमागे पेट्रोलचे डबे. एवढाच आमचा विमानतळ. आम्ही माणसं तीन. मास्तर मुख्य. मी हवामानाच्या तारा पाठवायचो आणि पेट्रोल भरून घ्यायचो. तिसरा सिद्राम, तिथला राखणदार, जवळच्याच वस्तीवरचा.

विमानाशी बोलायची सोय नव्हती. बिनतारी यंत्र ना आमच्याकडे होतं, ना त्या एका इंजिनाच्या लहानशा विमानात. जे काय सांगायचं ते आम्ही जमिनीवर कापडं अंथरून सांगायचं, आणि वैमानिकानं ते वरून बघायचं. पांढऱ्या पट्ट्या अमुक दिशेनं अंथरल्या म्हणजे इकडून उतर. पांढरी मोठी फुली अंथरली म्हणजे उतरू नकोस, जमीन वाईट आहे. वैमानिकाला बघितल्याची खूण द्यायची असली तर तो विमानाचे पंख हलवायचा, एकदा उजवा खाली, एकदा डावा खाली. झालं संभाषण.

मास्तरांना हे काम देवानंच नेमून दिलं होतं असं वाटावं. ते मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषा अगदी जपून वापरायचे. सगळी हयात रेल्वेत सिग्नलच्या केबिनीत गेलेली. झेंड्या, दिवे आणि तारेचं कट्‌कड यांच्यावर त्यांचा जितका विश्वास, तितका माणसाच्या जिभेवर नव्हता. मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब भाषण असावं. “तोंडानं माणूस काहीही बोलतो. ऐकणारा काहीही ऐकतो. झेंडी लाल म्हणजे लाल. त्यात दुसरं काय ऐकणार?”

मग महिनोन्‌महिने आम्ही खुणांवरच काम केलं. दोन बोटं वर म्हणजे दोन डबे पेट्रोल. टाळी म्हणजे सिद्रामनं गुरं हाकलायची. चष्मा काढून पुसला म्हणजे तार पाठव.

ती सिग्नलची कापडं त्यांनी पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराकडून मुद्दाम जाड विणून घेतली होती. त्यांच्यावर त्यांचा जीव. रिठ्याच्या पाण्यात स्वतः धुवायचे. सिद्रामला त्यांच्यावर पायताणासकट पाय ठेवायची बंदी होती, आणि काम झालं की कापड लगेच उचलायचं, झटकायचं, घडी घालून खोलीत ठेवायचं हा नेम. “कापड मळलं की वरून दिसत नाही,” असं एकदा त्यांनी मला तोंडानं सांगितलं होतं. त्यावरून ती गोष्ट त्यांना किती महत्त्वाची वाटत असेल ते समजून घ्यावं.

घरीही तीच तऱ्हा. मी त्यांच्याकडे अधूनमधून जेवायला जायचो. दाराच्या खुंटीला उपरणं अडकवलं म्हणजे चहा हवा. काठी भिंतीला उभी केली म्हणजे आज बाहेर जायचं नाही. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणत असू. पोरबाळ नव्हतं. त्या दोघांच्या घरात दिवसभरात भांडी जास्त बोलत असतील. मास्तरांना त्याचा अभिमान होता. “आमचं भांडण कधी झालं नाही,” ते म्हणायचे. अक्का त्यावर काही म्हणत नसत.

टपालाच्या विमानावर दोघे-तिघे वैमानिक आळीपाळीनं यायचे. त्यातला एक तरुण पारशी होता. आम्ही सगळे त्याला कप्तान म्हणायचो. उंच, किडकिडीत, कायम हसतमुख. विमानातून उडी मारली की आधी सिद्रामच्या कुत्र्याला भेटायचा, मग आम्हाला. पेट्रोल भरून होईपर्यंतचा तेवढाच वेळ तो जमिनीवर असे. त्या वेळात मास्तर त्याच्यासमोर डबा उघडून ठेवायचे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. तो उकिडवा बसून खायचा आणि बोलत सुटायचा. मुंबईच्या गोष्टी, ढगांच्या गोष्टी, त्याच्या आईनं उडायला कसा विरोध केला त्याची गोष्ट. मास्तर ऐकायचे. एक शब्द नाही. पण कप्तान यायचा त्या दिवशी डब्यात चटणी जास्त असायची, आणि विमान दिसेनासं झालं तरी मास्तर खोलीच्या सावलीत न येता उन्हात उभे असायचे.

कप्तान मला एकदा म्हणाला होता, “तुझा मास्तर माझ्याशी बोलतो हां, फक्त मी वर असतो तेव्हा.”

ते खरं होतं. त्या दोघांचं खरं बोलणं व्हायचं ते कापडांतून आणि पंखांतून. कप्तान पंख हलवायचा ते कधी ‘बघितलं’ म्हणून, कधी ‘येतो’ म्हणून, कधी नुसती गंमत म्हणून, सिद्रामची पोरं हात हलवत असली तर त्यांना उत्तर म्हणून. पंखांना दुसरी काही हालचाल येतच नव्हती. त्यातलं कुठलं कशासाठी हे आम्हाला कळतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

तो दिवस परतीच्या पावसातला. रात्रभर पाऊस लागला होता. सकाळी मास्तर काळ्या मातीत पाच पावलं चालून गेले आणि घोट्यापर्यंत रुतले. विमान उतरायचा प्रश्नच नव्हता. मुरमाची पट्टी तेवढी टणक होती, पण अरुंद. अगदी अडचण असेल तरच तिच्यावर उतरवायचं अशी कंपनीची ताकीद होती. मास्तरांनी काळ्या मातीच्या मधोमध पांढरी फुली अंथरली. म्हणजे उतरू नकोस, पुण्याला माघारी जा. तितकं पेट्रोल विमानात असायचंच.

ढग खूप खाली आले होते. आधी आवाज आला, मग कप्तानचं विमान एकाएकी ढगातून बाहेर पडलं. आमच्या डोक्यावरून गेलं. फुली त्याला दिसली असणार, कारण तो अगदी फुलीवरून गेला. मग त्यानं पंख हलवले. उजवा, डावा. पुन्हा उजवा, डावा. पुन्हा. आणि वळून पश्चिमेच्या ढगात शिरला.

मास्तरांनी माझ्याकडे बघून हाताचा पंजा उघडला. म्हणजे कळलं त्याला, गेला तो.

“तीनदा हलवले की,” मी म्हणालो.

मास्तरांनी खांदे उडवले. पावसाची भुरभुर पुन्हा सुरू झाली होती आणि त्यांची नजर कापडावर होती. त्यांनी सिद्रामला खूण केली. सिद्राम पायताणं काढून चिखलात गेला, त्यानं कापड गोळा केलं, आणि मास्तरांनी ते खोलीत नेऊन स्वतःच्या हातानं पिळायला घेतलं.

तेवढ्यात सिद्राम ओरडला, “मास्तर! इमान! इमान आलं परत!”

आम्ही बाहेर धावलो. विमान खाली येत होतं. सरळ, निवांत, रोजच्यासारखं, काळ्या मातीवर. मास्तर दोन्ही हात वर करून धावत सुटले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना ऐकलं. “नको! नको! कप्तानसाहेब, नको!” पण इंजिनाच्या आवाजात त्यांचं ओरडणं मलाच नीट ऐकू येत नव्हतं. चाकं मातीला लागली, थोडं अंतर गेली, रुतली, आणि विमानानं शेपूट वर घेऊन पालथी लोळण घेतली.

कप्तानला आम्ही बाहेर काढलं. सगळीकडे पेट्रोलचा वास होता. त्याचा एक पाय गुडघ्याखाली पार चुरडला होता. शुद्धीवर होता. मास्तरांचं तोंड बघून त्यानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण बैलगाडीत घालेपर्यंत त्याची शुद्ध गेली. गावातल्या दवाखान्यातून त्याला मुंबईला नेलं.

चौकशीला कंपनीचे दोन साहेब आले. पत्र्याच्या खोलीत बसून त्यांनी मास्तरांना विचारलं, फुली अंथरली होती? होती. वैमानिकानं ती पाहिली? पाहिली. कशावरून? पंख हलवले त्यानं. म्हणजे न उतरण्याची खूण मिळाली, ती पाहिल्याचं त्यानं कळवलं, आणि तरी तो उतरला. साहेबांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. मास्तर म्हणाले, “साहेब, विमान गेल्यावर मी कापड उचललं होतं.” साहेब म्हणाले, “विमान गेल्यावर ना? मग त्याचा काय संबंध?” आणि ते उठले. निर्णय आला तो असा की वैमानिकानं खूण धुडकावली, चूक त्याची. मास्तरांच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलं होतं.

त्या समाधानानं मास्तरांची झोप गेली.

ते मुंबईला जाऊन आले. कप्तानला इस्पितळात भेटायचं, पायाशी बसायचं आणि एकदा विचारायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण दारावरच्या नर्सनं सांगितलं की पेशंट कुणाला भेटत नाही. मास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा तेच उत्तर. परत आले तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. मला म्हणाले, “भेटायचं नाही त्याला. बरोबर आहे त्याचं.”

त्यानंतर मास्तर बोलायला लागले. आधी कामापुरतं. दोन बोटं वर करायच्या ऐवजी, “दोन डबे. किती म्हणालो?” मी “दोन डबे” म्हणेपर्यंत ते हलत नसत. मग ते खूळ माळावरून गावात आलं, पेठेत आलं, डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलं. लोकांना वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं.

घरीही त्यांनी तेच सुरू केलं. अक्कांना सुरुवातीला मोठं संकट वाटलं. इतक्या वर्षांत नवऱ्यानं असं समोर बसवून कधी काही विचारलं नव्हतं. एका सणाच्या दिवशी मी जेवायला होतो. मास्तर म्हणाले, “आमच्या घरी हुग्गी होत नाही. लग्न झाल्यावर एकदा केली होती हिनं. गव्हाची, गुळाची खीर. तशी पुन्हा मिळाली नाही. कंटाळा येत असेल, कुटाकुटी फार असते.”

अक्का वाढता वाढता थांबल्या. “कंटाळा? तुम्हालाच आवडली नव्हती की.”

“कोण म्हणालं?”

“म्हणालं कोण कशाला? मी आणखी वाढायला आले, तर तुम्ही असा हात केलात.” अक्कांनी तळहात पुढे धरून दाखवला. “मी समजले, नको ही असली पुन्हा. त्या दिवशी मागच्या दारी बसून रडले होते मी.”

मास्तर पुष्कळ वेळ त्या हाताकडे बघत राहिले. “पोट भरलं होतं गं,” ते म्हणाले. “इतकी चांगली झाली होती की पोट फुटेस्तोवर खाल्ली होती. म्हणून हात केला.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. अक्का हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या आठवड्यात त्यांनी हुग्गी केली आणि माझ्यासाठी वाटीभर पाठवली. पण तरुणपणीची ती सगळी वर्षं काही त्यांना कुणी परत दिली नाहीत.

मास्तर एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारायचे. माळावर विमानाची वाट बघत बसलो असलो की मध्येच, कशाचा काही संबंध नसताना. “त्याला दिसलं असेल का हो? मी कापड उचललेलं?”

“नसेल मास्तर. ढगात होता तो.”

“परत आला तेव्हा तर ढगात नव्हता.”



पुढे विमानांचा मार्ग बदलला. सोलापूरचा माळ कंपनीनं सोडून दिला. मला गावातच तार ऑफिसात काम मिळालं, मास्तर घरी बसले. माळावर मेंढरं चरायला लागली. कप्तानचं विमान चालवणं सुटलं, तो कुणा नातेवाइकाच्या दुकानात बसतो, इतकंच कानावर आलं होतं.

अशाच एका थंडीत, सकाळी, एक पारशी बाई विचारत विचारत तार ऑफिसात आल्या. वयस्क, डोक्याला पांढरा रुमाल, हातात छत्री. म्हणाल्या, “होटगीना मैदानवर कापडवाला मास्तर होता ने, त्याचा घर कोण दाखवेल?” त्या कोण हे मला त्यांच्या हनुवटीवरून कळलं. कप्तानची हनुवटी तशीच होती.

मी रजा मागून त्यांना मास्तरांच्या घरी घेऊन गेलो. मास्तर ओसरीवर ऊन खात बसले होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“तुमी मास्तर?”

“होय.”

“मी कप्तानची मा. माझा दीकरा गेला. दिवाळीच्या आधी. छातीत सर्दी झाला, चार दिवसात गेला.”

अक्कांनी आतून पाट आणून बाईंना बसवलं, पाणी दिलं. बाईंनी पाणी तसंच बाजूला ठेवलं.

“तो बोलला होता, मम्मा, ही बात कोणाला बोलू नको. आता तो नाय. माझ्या पोटात राहत नाय. म्हणून आली.” त्या छत्रीच्या मुठीकडे बघत बोलत होत्या. “त्या दिवशी त्याचा पेट्रोल गळत होता. पुण्याला जाता येणार नव्हता. खाली बघितला तर तुमचा क्रॉस. तर त्याने पंख हलवला. खूप हलवला. तो विचारत होता, मास्तर, मला उतरावाच लागेल, कुठे उतरू? मग चक्कर मारून आला, तर क्रॉस नाय. तो मला बोलला, मम्मा, मला एवढा बरा वाटला, मास्तरने माझा ऐकला. मास्तरने जागा करून दिली.”

आत चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला, तरी अक्का हलल्या नाहीत.

“मुरमावर पट्ट्या घातल्या असत्या,” मास्तर शेवटी म्हणाले. “मला कळलं असतं तर मुरमावर घेतला असता त्याला. बाई, मी समजलो, तो गेला. मी कापड... पाऊस होता. कापड चिखलात सडेल म्हणून उचललं मी.”

“मला माहीत नव्हता, कशासाठी उचलला ते,” बाई म्हणाल्या. “त्यालापण नाय.”

“चौकशीत त्यानं सांगायचं होतं.”

“साहेब हॉस्पिटलमध्ये आलेला. तर दीकरा बोलला, मला काय याद नाय. मी खूप भांडली त्याच्याशी. खोटा कशाला बोलला? तर बोलला, माझा पाय तर गेला. त्या मास्तरची नोकरी कशाला घालवू? त्याने मला किती वेळा जेवू घातला.” मग बाईंनी पहिल्यांदा मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं. “आणि तुमी आलेला. दोन वेळा. मीच नर्सला बोलली, त्या माणसाला आत सोडू नको. मी तुम्हाला रोज शाप देत होती. दीकराला सांगितलापण नाय, तुमी आलेला म्हणून. तो विचारायचा, मास्तर एकदापण कसा नाय आला? मी बोलायची, नाय आला. मरेपर्यंत हेच बोलली. ते सांगायला मी आली. माझा पण गुन्हा आहे ने.”

मला वाटलं, आता हे कोसळतील. पण ते म्हणाले, “शाप बरोबरच होता तुमचा.” मग म्हणाले, “मी कंपनीला सांगतो. मुंबईला येतो तुमच्याबरोबर. त्याची चूक नव्हती हे सांगतो.”

“कंपनी काय करणार आता?” बाई म्हणाल्या. “मला ते मैदान दाखवा.”

आम्ही टांगा केला. माळावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पत्र्याची खोली गेली होती. वाऱ्याच्या पिशवीचा खांब तेवढा उभा होता, आणि त्याच्या बुडाशी एक मेंढका पोरांसकट भाकरी खात बसला होता. मास्तरांनी बाईंना जागा दाखवली. फुली इथं होती. मी इथं उभा होतो. विमान तिथं उलटलं. बाई काळ्या मातीत चालत त्या जागेपर्यंत गेल्या, थोडं वाकल्या, मातीला हात लावला आणि परत आल्या. रडल्या नाहीत. खांबाजवळ एक दगड होता, त्यावर त्या बसल्या.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “मी रागात होती. बोलली होती, तू उडायला जाशील तर मी कधी बघायला येणार नाय. आणि कधी गेली नाय. त्याला उडताना मी एकदापण बघितला नाय. तुमी बघितला. तो कसा दिसायचा?”

मास्तर खांबाला टेकून उभे होते. त्यांनी हात उचलला, हवेत काहीतरी दाखवायला गेले, आणि तो हात त्यांनी खाली घेतला. मग तिथंच जमिनीवर, बाईंच्या समोर, मांडी घालून बसले.

“तो तिकडून यायचा,” ते म्हणाले. “त्या गिरणीचं धुराडं दिसतंय ना, त्याच्या डावीकडून. आवाज मागून यायचा, आधी नुसता ठिपका. आमच्या सिद्रामला सगळ्यात आधी दिसायचा. बाकीचे वैमानिक उतरायची घाई करायचे. हा करायचा नाही. धुराड्याचा धूर कुठं जातोय ते बघायचा, वारा ओळखायचा, मग एक मोठा फेरा घ्यायचा, सगळं गाव पंखाखाली घेऊन. ऊन असलं की पंखांचा खालचा भाग चमकायचा. तळ्याच्या पाण्यावरून यायचा तेव्हा तर बघत राहावं...”

मी मास्तरांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते सावकाश बोलत होते, शब्द शोधून शोधून, नाही सापडला तर कानडीत म्हणून मग मराठीत सांगत. चाकं जमिनीला लागायच्या आधी तो विमान कसं क्षणभर धरून ठेवायचा, जणू झोपलेल्या पोराला खाली ठेवतोय असं. उतरल्यावर टोपी काढून केसांतून हात कसा फिरवायचा. चटणी तिखट लागली की कसा नाचायचा. निघताना चाकं जमिनीवरून सुटली की मागे वळून बघायचा नाही, पण पंख मात्र हलवायचा. बाई मध्येच हसायच्या, मध्येच विचारायच्या, “आणि टोपी कुठली? ब्राऊनवाली?” “होय, तपकिरी. कानाजवळ फाटलेली.” “ती मी शिवायची होती,” बाई म्हणाल्या.

मग पुष्कळ वेळानं त्यांनी विचारलं, “आणि त्या दिवशी?”

लांब मेंढरं ओरडत होती. मी दुसरीकडे बघितलं.

“त्या दिवशी ढगातून एकदम बाहेर आला,” मास्तर म्हणाले. “खूप खालून. दुसऱ्या वेळी उतरायला आला तेव्हा मी धावत होतो, ओरडत होतो, पण बघतही होतो. अजिबात घाबरलेला नव्हता, बाई. भरवशानं येत होता. रोज यायचा तसाच. सुरेख आला होता.”

बाईंच्या मुंबईच्या गाडीची वेळ होत आली होती. टांगेवाला दोनदा जवळ येऊन माझ्याकडे बघून गेला. गाडी चुकणार हे मला दिसत होतं. पण बाई दगडावरून उठल्या नव्हत्या आणि मास्तर आणखी काहीतरी सांगायला लागले होते, तेव्हा मी टांगेवाल्याला हळूच सांगितलं की घोडा सोड, आम्हाला वेळ आहे.